आत्मविषभय : रोगप्रतिकारशास्त्रातील एका संज्ञेचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासात काही संज्ञा अशा आढळतात की, ज्या विधानात त्या प्रथम योजल्या गेल्या ते विधान कालांतराने विस्मृतीत जाते आणि संज्ञा मात्र एकटीच पुढील पिढ्यांच्या हाती पडते. विधानाचा आधार सुटलेल्या अशा संज्ञेला मग वाटेल तो अर्थ चिकटू शकतो. क्वचित तो तिच्या कर्त्याच्या अभिप्रायाच्या अगदी उलटही असतो. पाउल एरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी योजलेली ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ ही लॅटिन संज्ञा या प्रकारचे ठळक उदाहरण होय. तिचे मराठीकरण ‘आत्मविषभय’ असे करता येईल. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच घटकांवर उलटत नाही, तसे करण्याचे तिला जणू भय वाटते, असा तिचा स्थूल आशय. या दोन शब्दांमुळे आत्मघातकी विकारांचा शोध सुमारे अर्धशतक रेंगाळला, असे या शास्त्राच्या इतिहासात वारंवार म्हटले जाते. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि शब्दाने विचाराची वाट अडवावी ही घटना भाषाशास्त्राच्याही कक्षेत येते, आणि ती येथे खरोखर कशी घडली हे तपासून पाहणे एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

आरंभी मूळ शब्दाकडेच वळणे इष्ट. इंग्रजीतील ‘इम्युनिटी’ हा शब्द वैद्यकाने कायद्याकडून उसना घेतलेला आहे. लॅटिनमध्ये ‘मूनुस’ म्हणजे नागरिकाच्या माथी असलेले सार्वजनिक कर्तव्य किंवा कर. त्यातून जो मुक्त तो ‘इम्युनिस’. आपल्याकडे ज्या जमिनीचा सारा माफ असे तिला इनाम म्हणत, त्याच जातीची ही कल्पना आहे. उत्तर आफ्रिकेतील प्सिली नावाच्या जमातीस सर्पदंश बाधत नाही असे सांगताना ल्यूकन या रोमन कवीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हा शब्द शरीराला लावला. परंतु तो वैद्यकात रुळला तो पुष्कळ नंतर. म्हणजे पाश्चात्त्य शब्दाच्या मुळाशी ‘सूट’ आहे, युद्ध नाही. मराठीत आपण ‘रोगप्रतिकार’ हा शब्द स्वीकारला. त्यात शत्रू, चढाई आणि बचाव ही सारी सामग्री आयतीच येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अठ्ठाविसाव्या अध्यायात ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द आढळतो. ‘क्षम्’ या धातूत समर्थ असणे आणि सहन करणे हे दोन्ही अर्थ नांदतात. चरकाला आजचे रोगप्रतिकारशास्त्र ठाऊक होते असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही, तसले दावे करणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे. परंतु प्रतिकाराइतकीच सहिष्णुताही ज्यात सामावते असा शब्द आपल्याजवळ होता आणि आपण तो बाजूस ठेवला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

युद्धाची प्रतिमा पेशींशी जोडली गेली ती एलिया मेचनिकॉफ यांच्यामुळे. १८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांस दिसला. पुढे पाण्यातील ‘डॅफ्निया’ या चिमुकल्या प्राण्याच्या शरीरात शिरलेले बुरशीचे बीजाणू त्याच्या पेशी कशा गिळतात हेही त्यांनी दाखविले. या पेशींना काय म्हणावे हे त्यांनी व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांना विचारले आणि क्लाउस यांनी ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी, हे ग्रीक नाव सुचविले. याच मेचनिकॉफ यांचा ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. प्लेगची साथ आल्यावर तो १८९६ साली मुंबईत आला, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पश्चिम भारतातील सामान्य माणसाच्या दंडापर्यंत या शास्त्राची सुई पोहोचली ती अशा रीतीने. मात्र लस टोचल्यावर शरीरात नेमके काय घडते, पेशी लढतात की रक्तातील एखादे द्रव्य, याविषयी त्या काळी युरोपात कडाक्याचा वाद चालू होता.

या वादात दुसऱ्या बाजूचे पारडे लवकरच जड झाले. १८९० च्या डिसेंबरात एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वाताविषयी दाखवून दिले की, संरक्षण मिळालेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचला तर तेच संरक्षण त्यालाही मिळते. घटसर्पाविषयीही बेरिंग यांनी तसेच सिद्ध केले. गिळणाऱ्या पेशीचे तेथे काही काम दिसत नव्हते. रक्तरसातील त्या गुणाला पुढे प्रतिपिंड असे नाव मिळाले, आणि त्याची सर्वांत बांधेसूद उपपत्ती मांडली ती एरलिख यांनी. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांच्या पार्श्वशृंखला असतात, विष त्यांतील एखादीला जाऊन चिकटते, मग पेशी तशाच शृंखला गरजेहून अधिक निर्माण करते आणि त्या रक्तात सुटतात, तेच प्रतिपिंड, असा तिचा गाभा होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि एरलिख यांना विभागून दिले गेले. तो समेट होता असे म्हणण्यापेक्षा दोन्ही पक्षांस दिलेला मान होता असे म्हणणे अधिक यथार्थ.

आता आपल्या संज्ञेकडे येऊ. १९०० च्या सुमारास एरलिख आणि त्यांचे सहकारी युलियुस मॉर्गेनरोथ यांनी फ्रांकफुर्ट येथे शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीस दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले असता तिच्या रक्तरसात त्या परक्या शेळ्यांच्या तांबड्या पेशी विरघळविण्याचा गुण उत्पन्न होई. परंतु त्याच रक्तरसात तिच्या स्वतःच्या पेशी घातल्या असता त्या जशाच्या तशा राहत. वस्तुतः दोन शेळ्यांच्या रक्तात भेद तो किती असणार! तरीही शरीर आपले आणि परके यांत इतकी सूक्ष्म निवड करते, हे पाहून एरलिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ हे शब्द योजले. त्यांमागे निसर्गाला पोकळीचे वावडे असते या अर्थाच्या ‘हॉरर व्हॅकुई’ या जुन्या लॅटिन उक्तीचा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. लॅटिन ‘हॉरेरे’ म्हणजे अंगावर काटा उभा राहणे, आणि संस्कृत ‘हृष्’ हा त्याचाच सगोत्र धातू. एकाच मुळातून रोमन लोकांनी भय घेतले आणि आपण हर्ष घेतला. ‘रोमहर्ष’ या शब्दात दोघांचे मूळ घर अद्याप उभे आहे.

महत्त्वाचा मुद्दा असा की, एरलिख यांनी त्या संज्ञेच्या आगेमागे काय लिहिले होते. स्वतःविरुद्ध प्रतिपिंड निर्माण होणे अशक्य आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. शरीरात स्वतःच्या पेशी सतत मोडत असतात, त्यांचे घटक सतत शोषले जातात, तेव्हा स्वतःविरुद्ध विष निर्माण होण्याचा प्रसंग हरघडी येणार हे त्यांना दिसत होते. म्हणूनच ते विष निर्माण होऊ नये, किंवा झाले तरी त्याने अपाय करू नये, यासाठी शरीरात काही अंतर्गत नियामक योजना असली पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. आणि पुढे जाऊन असेही म्हटले की, अनेक रोगांची मीमांसा करताना ही अंतर्गत व्यवस्था बिघडल्याची शक्यता यापुढे विचारात घ्यावी लागेल. म्हणजे ज्या वाक्यसमूहात आत्मघातकी रोगांची शक्यता प्रथम स्पष्टपणे वर्तविली गेली, त्याच वाक्यसमूहातील दोन शब्द पुढे त्या शक्यतेच्या नकाराची खूण म्हणून वापरले गेले.

नकाराला वस्तुस्थितीचा पाठिंबा होता म्हणावे, तर तेही नाही. १९०० मध्येच पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेटालनिकॉफ यांनी गिनिपिग या प्राण्यास त्याच्याच जातीचे शुक्रजंतू टोचले असता त्या प्राण्याच्या स्वतःच्या शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, असे दाखविले होते. त्याहून बोलके उदाहरण आहे ते शीतजन्य रक्तमेहाचे. या रोगाच्या माणसास थंडी बाधली की हुडहुडी भरते आणि काही वेळाने लघवी काळपट लाल होते. गंमत अशी की, या रोगाचा छडा लावू पाहणाऱ्यांत तरुणपणी एरलिख हेही होते. १८८१ साली त्यांनी रोग्याच्या एका बोटाला घट्ट बंध बांधून ते बर्फाच्या पाण्यात बुडविले, आणि त्याच बोटाच्या रक्तात पेशी फुटून रंगद्रव्य सुटलेले आढळते, असे दाखविले. मात्र दोष रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे, थंडीने त्यांतून काही विष बाहेर पडत असावे, असे त्यांचे अनुमान होते. १९०४ साली व्हिएन्ना येथे युलियुस डोनाथ आणि कार्ल लांडश्टायनर यांनी तोच प्रयोग बोटाऐवजी काचेच्या नळीत केला. रोग्याचे रक्त थंड केले आणि मग शरीराच्या उष्णतेस आणले, की पेशी फुटत. नुसते थंड ठेवले तर फुटत नसत. नुसते उबदार ठेवले तरीही नाही. रोग्याचा रक्तरस निरोगी माणसाच्या पेशींवरही तोच परिणाम करी. निष्कर्ष उघड होता : रोग्याच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशींना थंडीत जाऊन चिकटणारा एक प्रतिपिंड आहे, आणि ऊब मिळताच रक्तातील दुसऱ्या एका घटकाच्या साहाय्याने तो त्यांचा नाश घडवून आणतो. कुंपणच शेत खात होते, आणि ते डोळ्यांदेखत नळीत दाखविता येत होते.

असे असता पुढील चाळीस वर्षे हा विषय जवळजवळ अडगळीत का पडला? केवळ एरलिख यांच्या लॅटिन शब्दांकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे या शास्त्राची सूत्रे वैद्यांच्या हातून रसायनज्ञांच्या हाती गेली. प्रतिपिंड कोणत्या रेणूस ओळखतो, किती बारकाईने ओळखतो, हे प्रश्न मोजता येण्यासारखे होते आणि त्यांची उत्तरे हाती येत होती. स्वतः लांडश्टायनर यांचे उत्तरायुष्य त्यांतच गेले. पेशी मागे पडल्या, रोगीही मागे पडला. डोनाथ आणि लांडश्टायनर यांची कसोटी नाहीशी झाली नाही; ती रक्तरोगांच्या पुस्तकात एका दुर्मिळ विकाराची खूण म्हणून जगली, तिच्यातून सर्वसामान्य सिद्धांत काढावा असे कोणास वाटले नाही एवढेच. संज्ञेचे कार्य अशा वेळी निराळे असते. ती दार बंद करीत नाही. बंद पडलेल्या दारावर पाटी लावते. येणारा विद्यार्थी पाटी वाचून परत जातो, दार ढकलून पाहत नाही.

या काळातला एक धागा आपल्या देशाशी निगडित आहे. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, ही आठवण मराठी घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही ऐकू येते. ती लस बहुधा सेंपल यांनी कसौली येथे १९११ च्या सुमारास सिद्ध केलेल्या पद्धतीची असे. तीत रोगजंतू असलेला मेंढीचा मेंदू कार्बोलिक आम्लाने निर्जीव करून वापरीत. मेंदूच्या ऊतीपासून केलेल्या अशा लशी घेणाऱ्या काही थोड्या लोकांस पुढे अर्धांगवायूसारखा विकार जडे. दोष अलर्काच्या विषाणूचा की लशीतील मेंदूचा, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच प्रश्नाचा मागोवा घेत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली माकडांस सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. कोणताही विषाणू नसताना काही माकडांच्या मेंदूत दाह उत्पन्न झाला. परका मेंदू टोचल्याने शरीर स्वतःच्या मेंदूवर उलटू शकते, ही गोष्ट त्यामुळे प्रायोगिक पातळीवर आली. भारतात मेंदूच्या ऊतीची ती लस २००४-०५ च्या सुमारास बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र पुरावे एकामागून एक येऊ लागले. १९४५ साली केंब्रिज येथे कूम्ब्स, मुरंट आणि रेस यांनी तांबड्या पेशींना चिकटलेले प्रतिपिंड ओळखण्याची कसोटी शोधली आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या साहाय्याने काही पांडुरोग्यांच्या पेशींवर त्यांचेच प्रतिपिंड बसलेले आढळले. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्‌ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘ल्यूपस’ या विकारात दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून फुगलेली एक विलक्षण पेशी दिसली. परंतु निर्णायक ठरली ती अवटू ग्रंथी. हाशिमोतो हाकारू या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली चार स्त्रियांच्या काढलेल्या अवटू ग्रंथींचे वर्णन केले होते. त्यांत मूळ ऊतीऐवजी लसीकापेशींची गर्दी होती. या पेशी तेथे काय करतात हे कोणास सांगता येत नव्हते. ग्रंथी टणक होऊन सुजे, कर्करोगाची शंका येई आणि शल्यवैद्य ती कापून काढीत. रोगाचे नाव पुष्कळदा कापल्यानंतरच कळे.

अमेरिकेत बफलो येथे अर्न्स्ट विटेब्स्की यांच्या प्रयोगशाळेत नोएल रोझ या तरुण संशोधकाने सशास सशाच्याच अवटू ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा प्रतिपिंड निर्माण झाले. विटेब्स्की हे हान्स साक्स यांचे शिष्य आणि साक्स हे एरलिख यांचे सहकारी. म्हणजे आत्मविषभयाची परंपरा गुरुमुखातूनच त्यांच्याकडे आलेली. त्यांचा या निष्पत्तीवर सहजासहजी विश्वास बसला नाही. मग सशाच्या ग्रंथीचा एक भाग कापून त्याचा अर्क त्याच सशास टोचण्यात आला, जेणेकरून परकेपणाची शंकाच उरू नये. प्रतिपिंड तरीही झाले, आणि सशाच्या शरीरात उरलेल्या अर्ध्या ग्रंथीत लसीकापेशी शिरून तिचे चित्र हाशिमोतो यांच्या वर्णनासारखे दिसू लागले. हे निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडन येथे आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतो विकाराच्या रोग्यांच्या रक्तरसात अवटूविरोधी प्रतिपिंड दाखविले. या रोग्यांच्या रक्तातील प्रथिनांचे एक विशिष्ट प्रमाण वाढलेले असते आणि ग्रंथी काढल्यावर ते उतरते, हे डोनियाक यांच्या ध्यानात आले होते. शोधाची किल्ली तीच ठरली. गुरुपरंपरेने मिळालेल्या मताविरुद्ध स्वतःच्याच प्रयोगाला कौल देणारे विटेब्स्की या सर्व कथेत प्रस्तुत लेखकास सर्वाधिक आदरणीय वाटतात. जो शब्द त्यांनी पाठ केला होता तो त्यांनीच मोडून दाखविला.

मात्र त्यामुळे एरलिख यांचा दुसरा प्रश्न, ती नियामक योजना कोणती, हा तसाच उभा राहिला. ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ पासून ‘स्व’ आणि ‘स्वेतर’ ही भाषा रूढ केली. शब्द तत्त्वज्ञानातला, काम प्रयोगशाळेतले. १९५७ साली त्यांनी असे मांडले की, प्रत्येक लसीकापेशी जन्मतःच एका लक्ष्यास वाहिलेली असते, आणि ‘स्व’ला ओळखणारे पेशीवंश बालपणीच नष्ट केले जातात. जे चुकून उरतात त्यांना त्यांनी ‘निषिद्ध वंश’ म्हटले. आत्मघातकी रोग हे त्या निषिद्ध वंशांचे कर्तृत्व. याच सुमारास पेशी पुन्हा रंगमंचावर आल्या. १९५६ साली ब्रूस ग्लिक यांना असे आढळले की, कोंबडीच्या शेपटीजवळची फॅब्रिशियसची थैली पिलाच्या वयात काढून टाकली तर कोंबडी प्रतिपिंड निर्माण करू शकत नाही. हा शोध कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापला गेला आणि काही वर्षे वैद्यांच्या दृष्टीस पडलाच नाही. १९६१ साली लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली, तेव्हा त्यांच्या रक्तातील लसीकापेशी घटल्या आणि ते परक्या कातडीचे कलम नाकारीनासे झाले. पुढे थायमसमधून येणाऱ्या पेशींना ‘टी’ आणि थैलीतून येणाऱ्या पेशींना ‘बी’ ही अक्षरे १९६९ च्या सुमारास रूढ झाली. माणसाला ती थैली नाही. त्याच्या ‘बी’ पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. योगायोग असा की, थैली आणि अस्थिमज्जा या दोहोंची इंग्रजी नावे एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून नाव टिकले आणि त्याचा खरा उगम पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊकही राहिला नाही.

बर्नेट यांच्या मते नियमन म्हणजे वेळीच केलेला उच्छेद. पण त्याने सर्व उलगडत नव्हते. १९६९ साली जपानमधील निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांची थायमस जन्मानंतर नेमक्या तिसऱ्या दिवशी काढली. अपेक्षेप्रमाणे प्रतिकार दुबळा होण्याऐवजी मादीच्या बीजकोशाचाच नाश होऊ लागला. तिसऱ्या दिवसानंतर थायमसमधून असे काही बाहेर पडत असले पाहिजे की जे इतर पेशींना आवरून धरते. १९७० साली येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि कोंडो यांनीही प्रतिक्रिया मंदावणाऱ्या टी पेशी असल्याचे सुचविले, आणि त्यांना ‘सप्रेसर’ म्हणजे दमनकारी पेशी हे नाव पडले. पुढील दशकात या नावाची चलती झाली. दमनकारी पेशी, दमन करणारे द्रावण, दमनाची साखळी, त्या साखळीचे दमन करणारी दुसरी साखळी, असा संसार वाढत गेला. आणि या पेशींची ओळख म्हणून उंदराच्या गुणसूत्रावरील ‘आय-जे’ नावाच्या जागेकडे बोट दाखविण्यात आले. १९८३ साली त्या भागाचा डीएनए वाचून नकाशा तयार झाला, तेव्हा जेथे आय-जे असावयास हवे तेथे त्याच्यासाठी जागाच नव्हती.

यानंतर जे घडले ते आत्मविषभयाच्या कथेची दुसरी आवृत्ती आहे, फक्त बाजू बदललेली. पहिल्या वेळी संज्ञा इतकी प्रतिष्ठित होती की तिच्याविरुद्धचे पुरावे दिसेनासे झाले. या वेळी संज्ञा इतकी बदनाम झाली की तिच्या बाजूचे पुरावेही कोणास नकोसे झाले. खूण खोटी ठरली होती. निशिझुका यांच्या उंदरांत दिसलेली घटना खोटी ठरली नव्हती. परंतु ‘दमनकारी’ हा शब्द निबंधाच्या शीर्षकात घालणे म्हणजे विद्वत्सभेत हसे करून घेणे, अशी स्थिती झाली. शिमोन साकागुची यांनी, ज्यांचे आरंभीचे काम निशिझुका यांच्याच प्रयोगशाळेत झाले होते, हा नाद सोडला नाही. १९९५ साली त्यांनी ‘सीडी २५’ हा रेणू अंगावर मिरविणारा टी पेशींचा एक छोटा गट वेगळा काढला. तो वगळून उरलेल्या पेशी थायमसहीन उंदरांस दिल्या असता अनेक अवयवांत आत्मघातकी दाह उत्पन्न होई, आणि तो गट परत दिला असता दाह टळे. या पेशींना आता ‘नियामक’ टी पेशी हे नाव रूढ झाले. पेशी जवळपास तीच, काम तेच. नाव बदलले आणि दार उघडले.

या पेशींचा जनुकीय आधार अमेरिकेतून आला, तोही एका उंदराच्या नावामुळे. १९४९ साली टेनेसीतील ओक रिज येथे, किरणोत्साराच्या अभ्यासासाठी पाळलेल्या उंदरांत काही नर पिलांचे अंग कोंडा धरल्यासारखे होई, प्लीहा आणि लसीकाग्रंथी फुगत आणि ती काही आठवड्यांत मरत. कोंडा या अर्थाच्या शब्दावरून त्यांना ‘स्कर्फी’ म्हणत. अर्धशतकानंतर, २००१ मध्ये, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पिलांतील दोष एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात, त्यात जादा शिरलेल्या केवळ दोन अक्षरांत, शोधून काढला. त्या जनुकाचे नाव ‘फॉक्सपी३’. त्याच जनुकातील दोषाने मुलग्यांत जन्मतःच मधुमेह, अतिसार आणि त्वचारोग एकत्र आणणारा एक दुर्मिळ विकार होतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. आणि २००३ मध्ये साकागुची यांच्यासह तीन गटांनी हे जनुकच नियामक पेशींच्या घडणीचे सूत्र असल्याचे दाखविले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांस मिळाले. एरलिख यांनी जिला अंतर्गत नियामक योजना म्हटले होते तिचा निदान एक मोठा भाग असा हाती आला, आणि विशेषणही त्यांचेच निघाले.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. ‘ऑटोइम्यून’ हा शब्द मुळात विसंगतच आहे. अक्षरशः घेतला तर त्याचा अर्थ ‘स्वतःपासून मुक्त’ असा होईल, आणि रोगात घडते ते याच्या नेमके उलट. म्हणून ‘स्वयंप्रतिकार’ हा आपला प्रतिशब्द मूळ शब्दापेक्षा सरस आहे असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ‘रोगप्रतिकारक शक्ती’ या जोडशब्दातील ‘शक्ती’ मात्र घातक ठरते. शक्ती म्हटली की ती वाढविणे चांगलेच. २०२० च्या साथीत ‘इम्युनिटी वाढविणारे’ काढे आणि गोळ्या घरोघर पोहोचल्या त्या या शब्दाच्या बळावर. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या किंवा ल्यूपसने मूत्रपिंडे दुखावलेल्या रोग्याची औषधे तीच ‘शक्ती’ आवरण्यासाठी दिलेली असतात, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना मराठीतून समजावून सांगणे त्यामुळे कठीण होऊन बसते. ‘शक्ती कमी करणारे औषध’ कोण सुखाने घेईल? येथे ‘क्षमता’ हा शब्द, जो ‘रोगप्रतिकारक्षमता’ या रूपाने परिभाषेत आहेच, अधिक उपयोगी पडावा. त्यात व्याधिक्षमत्वाच्या धातूचा सहनशीलतेचा अर्थ निदान सुप्तपणे तरी शिल्लक आहे.

थायमसचे आपले पारिभाषिक नाव ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे आहे. ती तारुण्यात आक्रसत जाते ही शरीररचनेची वस्तुस्थिती त्या नावात अचूक उतरली आहे, आणि ग्रंथीचे कार्य काय हे जोवर कोणास ठाऊक नव्हते तोवर तिच्याविषयी सांगण्यासारखे दुसरे काही नव्हतेही. आज मात्र त्या नावात तिची केवळ अनुपस्थिती नोंदलेली दिसते; पहिल्या काही दिवसांत तिच्यातून ज्या पेशी बाहेर पडतात आणि ती आक्रसल्यानंतरही आयुष्यभर रक्तात फिरत राहतात, त्यांचा मागमूस त्यात नाही. परिभाषेच्या पुढील आवृत्तीत या नावापुढे निदान ‘थायमस’ हा शब्द मुख्य नोंद म्हणून यावा आणि जुने नाव पर्याय म्हणून राहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.